रोझाल्बा कार्रिएरा

रोझाल्बा कार्रिएरा (जन्म : व्हेनिस, १२ जानेवारी १६७३; मृत्यू : व्हेनिस, १५ एप्रिल १७५७) या अठराव्या शतकातील ख्यातनाम इटालियन चित्रकर्त्री होत्या. जुन्या ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १६७५ असे दिलेले आढळते. लघुचित्रांपासून आरंभ करून त्या पेस्टलमधील व्यक्तिचित्रणाकडे वळल्या. त्यांच्या पूर्वी पेस्टल हे मुख्यतः कच्च्या रेखाटनाचे साधन समजले जाई. त्यातूनही तैलचित्राच्या तोडीचे पूर्ण चित्र साकारता येते, हे युरोपला पटले ते प्रामुख्याने त्यांच्या कामामुळे.

घर आणि आरंभीचे शिक्षण

रोझाल्बांचे वडील आंद्रेआ हे व्हेनिसच्या शासनसेवेत कारकून होते, तर आई आल्बा फोरेस्ती लेस विणत असे. आंजेला आणि जोव्हान्ना या दोन धाकट्या बहिणी. घरात चित्रकलेचा वारसा नव्हता. त्या काळी मुलगी चित्रकार झाली तर ती बहुधा चित्रकार पित्याच्या कार्यशाळेतच घडे, हे लक्षात घेतले म्हणजे रोझाल्बांच्या वाटचालीचे वेगळेपण ध्यानात येते. परंपरेनुसार त्या प्रथम आईसाठी लेसचे नमुने काढीत. पुढे तपकीर ओढण्याची टूम आली आणि तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर चित्रे रंगविण्याचे काम त्यांना मिळू लागले. त्यांच्या शिक्षकांत दियामान्तिनी आणि बालेस्त्रा या चित्रकारांची नावे घेतली जातात. तथापि त्यांचा हात तयार झाला तो अशा लहानसहान, पोटासाठी केलेल्या कामांतच, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

लघुचित्रे त्या काळी सामान्यतः चर्मपत्रावर काढली जात. त्याऐवजी हस्तिदंताचा पातळ पत्रा वापरणाऱ्या पहिल्या कलावंतांमध्ये रोझाल्बांची गणना होते. हस्तिदंताचा मूळ वर्ण त्वचेच्या छटेला आतून उजाळा देतो. क्रिश्चन कोल या इंग्रज मित्राच्या खटपटीमुळे त्यांचे नाव रोमच्या सेंट ल्यूक अकादमीपुढे गेले आणि १७०५ मध्ये त्यांना सदस्यत्व मिळाले. त्यासाठी त्यांनी कबुतर घेतलेल्या मुलीचे हस्तिदंतावरील लघुचित्र पाठविले होते.

पेस्टलचे माध्यम

आपल्याकडे पेस्टल म्हटले की शाळकरी मुलांच्या दप्तरातील तेलकट खडूंची पेटी डोळ्यांपुढे येते. रोझाल्बांचे पेस्टल ते नव्हे. ते कोरडे असे. रंगद्रव्याची बारीक पूड, पांढरी माती किंवा खडूची भुकटी आणि अगदी थोडा डिंक एकत्र घोटून त्याच्या कांड्या वळत आणि सुकवीत. डिंक जास्त झाला तर कांडी कडक होऊन कागदावर ओरखडे काढते, कमी पडला तर हातातच चुरा होतो. शिवाय प्रत्येक रंगाला डिंकाचे प्रमाण निराळे लागते. तैलरंगाप्रमाणे पाटीवर रंग मिसळून हवी ती छटा तयार करण्याची सोय येथे नसते. म्हणून एकाच गालासाठी गुलाबी, पिवळसर, करडा अशा कितीतरी कांड्या हाताशी ठेवाव्या लागतात. शिकणाऱ्याची पहिली अडचण येथेच असते: त्याने मनात छटा ठरविल्याखेरीज हात कांडीकडे जात नाही.

रोझाल्बा बहुधा निळसर कागदावर काम करीत. अशा कागदामुळे मधली सावली आयतीच मिळते. चित्रकाराला उजेड आणि गडद भाग तेवढे भरावे लागतात. चेहऱ्याचे थर त्या बोटाने हलकेच घासून एकजीव करीत. केस, फीत आणि वस्त्रे यांवरचे फटकारे मात्र न घासता तसेच मोकळे ठेवीत. लेस दाखविताना तिचा एकेक धागा काढण्याऐवजी पांढऱ्या कांडीची कड गडद थरावरून आडवी ओढण्याची त्यांची पद्धत होती. कागदाच्या खरबरीतपणामुळे रंग तुटक उमटे आणि दुरून पाहणाऱ्यास लेसची जाळी भासे. लेस विणणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीने लेस अशी सोडून द्यावी, यात मोठी जाण आहे.

या माध्यमाचा व्यावहारिक लाभही होता. तैलरंग वाळण्यास दिवसच्या दिवस लागतात. पेस्टलला वाळण्याची प्रतीक्षा नसते. व्हेनिसला काही आठवडे मुक्काम ठोकणाऱ्या परदेशी उमरावांना, विशेषतः युरोपची सफर करणाऱ्या तरुण इंग्रजांना, थोड्या बैठकांत होणारे चित्र सोयीचे वाटे. होरेस वॉल्पोल हे असेच एक गिऱ्हाईक. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक १७०८-०९ च्या हिवाळ्यात व्हेनिसला आला असता त्यानेही त्यांच्याकडून व्हेनिसच्या सुंदरींची चित्रे करवून घेतली.

पॅरिसमधील वर्ष

धनाढ्य संग्राहक प्येर क्रोझा यांच्या निमंत्रणावरून रोझाल्बा १७२० च्या वसंतात आई आणि बहिणींसह पॅरिसला गेल्या. आंजेलाचे पती, चित्रकार जोव्हान्नी आंतोनियो पेल्लेग्रिनी, यांना तेथे जॉन लॉच्या राजकीय बँकेचे छत रंगविण्याचे काम मिळाले होते. त्याच वर्षी ती बँक कोसळली. रोझाल्बांवर मात्र कामाचा पाऊस पडला. बालराजा पंधरावा लुई हा त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्यांनी त्याचे व्यक्तिचित्र केले. त्यांची पॅरिसमधील रोजनिशी उपलब्ध असून ती १७९३ मध्ये छापली गेली. त्या रोजनिशीत भावनांचा पसारा नाही. राजाच्या एका बैठकीत त्याची बंदूक पडली, पोपट मेला आणि लहान कुत्र्यालाही काही तरी बाधले, एवढे त्यांनी कोरडेपणाने नोंदविले आहे.

फ्रान्सच्या राजकीय चित्र-शिल्प अकादमीने १७०६ मध्ये स्त्रियांना प्रवेश न देण्याचे ठरविले होते. तरीही ऑक्टोबर १७२० मध्ये तिने रोझाल्बांना सदस्य करून घेतले. आन्त्वान वातो या आजारी चित्रकाराचे त्यांनी केलेले व्यक्तिचित्रही याच मुक्कामातले. तो पुढे काही महिन्यांतच वारला. मार्च १७२१ मध्ये त्यांनी पॅरिस सोडले. त्यांनी मागे लावलेली पेस्टलची गोडी तशीच राहिली आणि मोरिस कांतँ द ला तूर यांच्यासारख्या पुढील पिढीच्या फ्रेंच चित्रकारांनी ती कळसाला नेली.

घरातील कार्यशाळा

रोझाल्बा अविवाहित होत्या. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याकाठचे त्यांचे घर हेच कामाचे ठिकाण होते. जोव्हान्ना त्यांना चित्रांच्या कामात साहाय्य करी. १७१५ सालच्या आत्मचित्रात रोझाल्बांनी स्वतःला या बहिणीचे चित्र हाती घेतलेले दाखविले आहे. हे चित्र फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहे. स्वतःच्या कीर्तीचे चित्र काढताना मदतनीस बहिणीला त्यात स्थान द्यावे, ही गोष्ट त्या काळात विरळाच. फेलिचिता सार्तोरी ही शिष्या त्यांच्या घरीच राहून शिकली आणि नंतर ड्रेस्डेनच्या दरबारात लघुचित्रकार म्हणून नावारूपाला आली. १७२३ मध्ये मोदेना आणि १७३० मध्ये व्हिएन्ना येथे केलेले प्रवास सोडले तर रोझाल्बांचे उर्वरित आयुष्य व्हेनिसमध्येच गेले. सॅक्सनीचा तिसरा ऑगस्टस हा त्यांचा सर्वांत मोठा आश्रयदाता होय. तरुणपणी, १७१३ मध्ये, व्हेनिसला आला असता तो त्यांच्यापुढे चित्रासाठी बसला होता. पुढे त्याने त्यांची दीडशेहून अधिक पेस्टलचित्रे जमविली.

दृष्टी जाणे

१७३० च्या दशकाच्या अखेरीस जोव्हान्ना आणि आई दोघी निवर्तल्या. रोझाल्बा खचल्या आणि काही काळ काम थांबले. नंतर त्यांची दृष्टी अधू होत गेली. तरुणपणी वर्षानुवर्षे केलेल्या बारीक लघुचित्रांकडे पुष्कळ लेखक याचे कारण म्हणून बोट दाखवितात, परंतु दोष मोतीबिंदूचा होता. त्या काळची प्रचलित शस्त्रक्रिया म्हणजे भूल न देता सुईने धूसर भिंग डोळ्यात खाली दाबणे. १७४९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांना अल्पकाळ दिसू लागले, पण पुढे कायमचे अंधत्व आले. ज्या कलेत सारे काही दोन जवळच्या छटांमधला भेद ओळखण्यावर अवलंबून असते, त्या कलेचा त्यांच्यापुरता तेथे शेवट झाला. अखेरची सुमारे सात वर्षे त्यांनी अंधारात काढली. विधवा झालेली आंजेला त्यांच्यासोबत होती.

दृष्टी पुरती जाण्यापूर्वी, १७४६ च्या सुमारास, त्यांनी आपले अखेरचे प्रसिद्ध आत्मचित्र केले. डोक्यावर पानांची माळ, करडे केस, मिटलेले ओठ. पाने कशासाठी, असे कोणी विचारले असता हे शोकांतिकेचे रूप असून आपला शेवटही तसाच व्हायचा आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकांसाठी राखलेली गुलाबी लाली नाही, हे उघड दिसते. हे चित्र व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात आहे.

नंतरचा काळ

अठराव्या शतकाच्या अखेरीस अभिरुची बदलली. राजेरजवाड्यांच्या त्या मऊ, पावडर लावलेल्या चेहऱ्यांना दिखाऊ ठरविण्यात आले आणि रोझाल्बांचे नाव मागे पडले. त्यांच्या चित्रांतील सुंदरी पुष्कळदा एकमेकींसारख्या दिसतात, हा आक्षेप खोटा नाही. पण वातो किंवा वृद्धपणीची आत्मचित्रे पाहणाऱ्यास तो पुरेसा वाटणार नाही. ऑगस्टसच्या संग्रहातील सत्तरहून अधिक पेस्टलचित्रे आजही ड्रेस्डेन येथे असून २०२३ मध्ये तेथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. कोरड्या पेस्टलचा रंग धक्क्याने झडत असल्यामुळे ही चित्रे काचेआड, मंद उजेडात ठेवतात आणि शक्यतो प्रवासाला पाठवीत नाहीत.