दक्ष संसदपटू मधू लिमये

लोकसभेचे कामकाज सकाळी अकरा वाजता सुरू होते आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सदस्यांनी आगाऊ पाठविलेल्या प्रश्नांना त्या त्या खात्याच्या मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यावयाचे असते. हे उत्तर खात्याचे अधिकारी तयार करून देतात. ते वाचून दाखविणे फारसे अवघड नसते. मंत्र्याची खरी कसोटी लागते ती पूरक प्रश्नांच्या वेळी. कोणता पूरक प्रश्न येईल हे त्याला आधी ठाऊक नसते. दिल्लीची संसद असो, मुंबईचे विधानभवन असो किंवा नवा रायपूर येथील छत्तीसगढची विधानसभा असो, प्रश्नोत्तरांची ही रीत सर्वत्र आहे. या तासाचा उपयोग किती परिणामकारकपणे करता येतो, हे ज्या मोजक्या सदस्यांनी दाखवून दिले, त्यांत मधू लिमये यांचे नाव अग्रभागी आहे.

मधू लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु स्वातंत्र्यचळवळीने त्यांना लवकरच ओढून घेतले. १९४० मध्ये युद्धविरोधी प्रचाराबद्दल त्यांना अटक झाली आणि धुळ्याच्या तुरुंगात सुमारे वर्षभर राहावे लागले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होते. १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. महाविद्यालयातील शिक्षण मागे पडले. पण वाचन थांबले नाही. इतिहास, राज्यघटना आणि अर्थशास्त्र यांवर त्यांनी जे प्रभुत्व मिळविले, ते मुख्यतः स्वतःच्या अभ्यासाने. तुरुंग हेच त्यांचे दुसरे महाविद्यालय ठरले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

देश स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९५५ मध्ये लिमये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण केली. लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली.

१९६४ मध्ये बिहारमधील मुंगेर मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि लिमये लोकसभेत आले. पुण्यातील मराठी माणसाला बिहारच्या मतदारांनी आपला प्रतिनिधी म्हणून निवडावे, ही त्या काळातही सामान्य घटना नव्हती. १९६७ मध्ये मुंगेरनेच त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे १९७३ आणि १९७७ मध्ये बांका येथील मतदारांनी.

सभागृहात मोठ्याने बोलणारे सदस्य तेव्हाही पुष्कळ होते. लिमये यांचे सामर्थ्य निराळे होते. कामकाजाचे नियम, राज्यघटनेची कलमे, अध्यक्षांचे पूर्वीचे निर्णय, ब्रिटिश पार्लमेंटमधील प्रथा हे सर्व त्यांना मुखोद्गत असे. मंत्र्याने सहा महिन्यांपूर्वी काय सांगितले होते आणि आज तो काय सांगत आहे, यांतील विसंगती ते पुराव्यासह दाखवीत. सभागृहाला चुकीची माहिती मिळाली तर तो केवळ विरोधकांचा नव्हे, संपूर्ण सभागृहाचा अवमान होतो, अशी त्यांची भूमिका होती. आणि म्हणून ते हक्कभंगाची सूचना देत. लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा ही साधने नियमपुस्तिकेत सर्वांसाठीच असतात. ती वापरण्यासाठी रात्री जागून कागदपत्रे वाचावी लागतात, एवढाच काय तो फरक.

प्रश्न विचारताना समोरच्याचे मोठेपण त्यांच्या आड आले नाही. मोरारजी देसाई उपपंतप्रधान व वित्तमंत्री असताना त्यांच्या पुत्राच्या व्यावसायिक संबंधांविषयी लिमये यांनी लोकसभेत कठोर प्रश्न उपस्थित केले.

१९७४ मधील आयात परवान्यांचे प्रकरण विशेष गाजले. त्या काळी परदेशातून माल आणण्यासाठी सरकारचा परवाना लागे आणि परवान्याला बाजारात मोठी किंमत होती. पाँडिचेरी परिसरातील काही व्यापाऱ्यांना असे परवाने मिळावेत, यासाठी सरकारकडे एक निवेदन आले होते. त्यावर २१ खासदारांच्या सह्या होत्या. चौकशीत बहुतेक सह्या बनावट असल्याचे उघड झाले. तुलमोहन राम या सत्ताधारी पक्षाच्या खासदारावर खटला भरण्यात आला. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून तपासाचा अहवाल सभागृहापुढे ठेवता येणार नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. लिमये आणि अन्य विरोधी सदस्यांना तो मान्य झाला नाही. सह्या ज्यांच्या नावे झाल्या ते या सभागृहाचे सदस्य होते, आणि परवाने कोणाच्या आदेशावरून दिले गेले हे जाणून घेणे सभागृहाचेच काम होते. न्यायालय आरोपीचा दोष ठरवील; मंत्र्यांची जबाबदारी मात्र संसदेनेच ठरवावयाची असते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दिवसामागून दिवस हा विषय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडला नाही. अखेर विरोधी पक्षांच्या नेत्यांना संबंधित कागदपत्रे पाहू देण्यास सरकारला राजी व्हावे लागले.

अशीच लढाई ते सभागृहाबाहेर न्यायालयातही लढले. नोव्हेंबर १९६८ मध्ये बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली, तेव्हा अटकेची कारणे सांगण्यात आली नाहीत. अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला कारणे जाणून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने दिला आहे. लिमये यांनी तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तेच अर्ज म्हणून स्वीकारण्यात आले. आपली बाजू त्यांनी स्वतः मांडली. न्यायालयाने त्यांना मुक्त करण्याचा आदेश दिला. कायद्याची पदवी नसलेल्या माणसाच्या नावाने ओळखला जाणारा हा निर्णय कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात भरलेल्या संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास स्थगित ठेवण्यात आला. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. संसदेतील भाषणे निर्भयपणे छापता यावीत म्हणून फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये झालेला कायदाही रद्द झाला. मंत्र्यांना प्रश्न विचारणारे अनेक खासदार तुरुंगात होते. लिमये यांना जुलै १९७५ पासून फेब्रुवारी १९७७ पर्यंत मध्य प्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले. नरसिंहगड येथील तुरुंगात शरद यादव हे तरुण खासदार त्यांच्यासोबत होते.

मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत होती. निवडणूक घेण्याऐवजी सरकारने कायदा करून मुदत एका वर्षाने वाढविली. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सभागृहाने स्वतःच वाढवून घ्यावा, हे लिमये यांना अनुचित वाटले. इतरांना जाब विचारणाऱ्या लिमये यांनी हा न्याय स्वतःलाही लावला. मुदत संपताच त्यांनी आणि शरद यादव यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचे राजीनामे पाठविले. दिल्लीतील सरकारी निवासस्थान सोडावे, असेही त्यांनी पत्नी चंपाताई यांना कळविले. घरातील कर्ता पुरुष तुरुंगात असताना डोक्यावरचे छप्पर सोडून देण्याचा हा निर्णय होता. चंपाताईंनी तो निभावला, याची नोंद स्वतंत्रपणे घ्यावयास हवी.

१९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी सत्तापालट घडविला. आणीबाणीत वृत्तपत्रांवरील नियंत्रणाचे खाते सांभाळणारे माहिती व प्रसारण मंत्री विद्याचरण शुक्ल रायपूरमध्ये पुरुषोत्तम कौशिक यांच्याकडून पराभूत झाले. लिमये बांका येथून विजयी झाले. नव्या सरकारात मंत्रिपद त्यांच्यासमोर आले होते. ते त्यांनी नाकारले आणि जनता पक्षाचे सरचिटणीसपद स्वीकारले. पंतप्रधानपदी आता मोरारजी देसाई होते. आपल्याच पक्षाच्या सरकारला प्रश्न विचारण्याची वेळ आली, तेव्हाही लिमये गप्प राहिले नाहीत. पक्षातील काहींच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद त्यांनी उपस्थित केला आणि १९७९ मध्ये सरकार कोसळले. त्या वादात त्यांचे बरोबर होते की चूक, याविषयी आजही मतभेद आहेत.

१९८० मध्ये त्यांचा पराभव झाला. १९८२ मध्ये त्यांनी सक्रिय राजकारणातून निवृत्ती घेतली आणि उरलेले आयुष्य लेखनाला वाहिले. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत त्यांनी ग्रंथ लिहिले. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. माजी खासदाराचेही नाही. दिल्लीतील लहानशा घरात पुस्तके आणि अभिजात संगीत यांच्या सहवासात ते राहत. ८ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले.