महमूद गवान : आधी चौकशी, मग शिक्षा

आपल्या बीदरमधील मदरशाची भव्य वास्तू आपण येता-जाता पाहतो. ती १४७२ साली उभारणारे महमूद गवान मूळचे इराणच्या गिलान प्रांतातले. १४५३ च्या सुमारास ते व्यापारासाठी बीदरला आले आणि पुढे बहमनी राज्याचे वजीर झाले.

राज्याच्या चार प्रांतांचे सुभेदार तेव्हा फार प्रबळ झाले होते. गवान यांनी चाराचे आठ प्रांत केले. प्रत्येकातला काही मुलूख थेट सुलतानाकडे घेतला. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली. नेमून दिलेल्यापेक्षा शिपाई कमी भरले, तर तेवढी रक्कम कापली जाऊ लागली.

दुखावलेल्या सरदारांनी गवान यांचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला. शिक्का खरा, पत्र खोटे. सुलतान मुहंमदशहाने कसलीही चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी गवान यांचा शिरच्छेद झाला.

नंतर त्यांचा खजिना तपासला, तेव्हा साठवलेले धन फारसे निघालेच नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरात तोही वारला. पुढे राज्याची पाच शकले झाली.

सरकारी कामात गैरव्यवहार शोधणे जितके गरजेचे, तितकेच आरोपाची खातरजमा करणेही. बीदरजवळची गवान यांची कबर आपल्याला हेच सांगते.