सेरामपूरचे विल्यम केरी

ज्याच्याजवळ पुष्कळ आहे तो सुखी व ज्याचें गेलें तो दुःखी, असा हिशेब जगांत चालतो. पवित्र शास्त्र मात्र सौम्य जनांस धन्य म्हणतें. सौम्यता म्हणजे दुबळेपणा नव्हे, हें ज्यांच्या आयुष्यावरून स्पष्ट दिसतें, अशा एका पुरुषाची ओळख आम्ही येथें विद्यार्थ्यांस करून देत आहों.

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील विणकर होते. पुढें ते गांवचे पंतोजी झाले. मुलगा जोडे शिवण्याचा धंदा शिकला. हा धंदा करीत असतांच केरींनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला आणि पृथ्वीचा नकाशा स्वतः काढून भिंतीवर लाविला. १७९२ सालीं बाप्टिस्ट मिशनची स्थापना झाली, व पुढील वर्षींच्या नोव्हेंबरांत केरी कुटुंबासह कलकत्त्यास उतरले.

लवकरच जवळचा पैसा संपला. १७९४ सालीं, मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर नोकरीस असतां, त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. पत्नी डॉरथी हिंदुस्थानांत येण्यास मुळांतच नाखूष होती. तिच्या मनाचा तोल सुटला, तो १८०७ सालीं तिच्या मृत्यूपर्यंत सांवरला नाहीं. केरींची थोरवी गातांना या माउलीचें दुःख झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पतीच्या सेवेची किंमत तिनेंही भरली, आणि ती आपखुषीनें भरली नव्हती. शेजारच्या खोलींत तिचा आक्रोश चाले व इकडे केरी भाषांतर करीत बसत. पहिला बंगाली विश्वासी, कृष्ण पाल, याचा बाप्तिस्मा १८०० सालच्या डिसेंबरांत झाला. म्हणजे सात वर्षें पेरणीच चालली होती.

त्या वेळीं सेरामपूर डेन लोकांच्या ताब्यांत होतें. तेथें मार्शमन व वॉर्ड यांच्यासह केरींनीं छापखाना चालविला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत, आणि पगाराचा बहुतेक भाग मिशनच्या सामाईक खर्चास देत. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर बसून, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें, त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण, १८१० सालीं मोडी ठशांत मराठी कोश व १८११ सालीं मराठी नवा करार छापिला. आपली भाषा त्यांची ऋणी आहे.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं छापखान्यास आग लागली. केरी तेव्हां कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमननीं वर्तमान सांगितलें, तेव्हां त्यांच्या तोंडून कांहीं वेळ शब्द फुटेना. कागद, ठसे, व्याकरणांचीं हस्तलिखितें, आणि ज्यावर वर्षानुवर्षें श्रम केले होते तो अनेक भाषांचा कोश, सारें जळून गेलें. पुढच्या रविवारीं त्यांनीं ४६ व्या स्तोत्रावर प्रवचन केलें. आपल्याला हवें तसें वापरण्याचा देवास अधिकार आहे आणि तो मान्य करणें हें आपलें काम, असा त्याचा आशय होता. मग ते शांतपणें पुन्हा कामास लागले. यंत्रें वांचलीं होतीं, ठशांचे साचे राखेखालीं सांपडले. कांहीं आठवड्यांतच नवे ठसे पडूं लागले. तो कोश मात्र पुन्हा कधींच झाला नाहीं.

एखादी लिहिलेली वही हरवली म्हणजे आमचे विद्यार्थी दोन दिवस रुसून बसतात. त्यांनीं या राखेकडे एकदां पाहावें. केरींस दुःख झालें नाहीं असें नव्हे. परंतु त्यांचें सुख त्या कागदांत नव्हतेंच, म्हणून आगीस तें जाळतां आलें नाहीं.

सौम्य म्हणून ते स्वस्थही बसले नाहींत. १८२९ सालच्या डिसेंबरांत सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठीं त्यांच्याकडे रविवारीं आला, तेव्हां एका दिवसाच्या विलंबानेंही विधवांचे प्राण जातील हें जाणून त्यांनीं त्या दिवसाचें प्रवचन दुसऱ्याकडे सोंपविलें व भाषांतर सायंकाळपर्यंत पुरें केलें.

९ जून १८३४ रोजीं सेरामपुरास ते प्रभूच्या विसाव्यांत गेले. कबरीवर आपली स्तुति त्यांनीं लिहूं दिली नाहीं. तेथें त्यांचें नांव, जन्ममरणाच्या तारखा व एका गीताच्या दोन ओळी आहेत. त्या ओळींत एका दीन पापी मनुष्यानें ख्रिस्ताच्या हातीं स्वतःस सोंपविलें आहे.