रूपकचा चुलतभाऊ

मी तबला वाजवतो, म्हणजे हॉस्टेलात टेबलच वाजवतो. मागच्या सेमला एका मित्राने पियानोचा एक तुकडा ऐकवला. सवयीने मात्रा मोजल्या, तर सात! पण आपला रूपक ३-२-२, आणि हा २-२-३. वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. बेला बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस'मधला १४९ वा तुकडा, बल्गेरियन लयीतला. मग मी या माणसाच्या मागेच लागलो.

जन्म १८८१ चा, तेव्हाच्या हंगेरीतला. ते गाव आता रुमानियात आहे. सातव्या वर्षी वडील गेले. आईने पियानो शिकवून घर चालवलं. पोरगा बुडापेस्टला शिकला, पियानिस्ट झाला. इथपर्यंत कुठल्याही हुशार मुलाची गोष्ट. पण १९०४ च्या उन्हाळ्यात त्याने एका दाईला, लिदी दोशाला, गाताना ऐकलं. ट्रान्सिल्वेनियातल्या खेड्यातली पोर ती. शहरी मंडळी रोमा बँडच्या चालींनाच हंगेरियन लोकसंगीत समजायची; हे भलतंच निघालं.

मग मित्र झोल्तान कोदाय आणि तो, दोघे एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी निघाले. आपल्या ब्रँचच्या भाषेत सांगायचं तर विजेशिवायचं रेकॉर्डिंग: म्हातारी कर्ण्यात गाणार, सुई मेणाच्या नळकांड्यावर खाच पाडणार. नंतर पुन्हा पुन्हा ऐकून स्वर न् स्वर कागदावर. हंगेरियन झालं, मग स्लोव्हाक, रुमानियन, १९१३ मध्ये अल्जीरियातलं अरबी, १९३६ मध्ये तुर्की. नुसत्या चाली उचलल्या असत्या तर मला त्याचं एवढं वाटलं नसतं. त्या भाषेत तो स्वतः बोलायला लागला, म्हणून त्याचं नवं संगीतही मातीतलं वाटतं.

याची किंमतही मोजली. महायुद्धात हंगेरी हरली, ट्रान्सिल्वेनिया रुमानियाकडे गेला, आणि १९२० मध्ये रुमानियन संगीतावर लिहिलं म्हणून घरच्याच लोकांनी त्याच्या देशभक्तीवर शंका घेतली. फॅसिझमचा त्याला तिटकारा. १९४० मध्ये देश सोडून अमेरिकेला गेला. तिथे तब्येत ढासळली, पैशाची ओढाताण. तरी १९४३ मध्ये 'कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' लिहिलाच. २६ सप्टेंबर १९४५ ला न्यूयॉर्कमध्ये ल्युकेमियाने गेला. बायकोसाठी लिहायला घेतलेल्या तिसऱ्या पियानो कॉन्सर्टोचे शेवटचे १७ बार राहिले होते, ते तिबोर शेर्ली या मित्राने पूर्ण केले.

माझा १४९ अजून बसलेला नाही. दर आवर्तनाला हात रूपकवरच जातो.