पंडिता रमाबाई आणि सोडवणुकीचे मोल

बेथलेहेमात दुष्काळ पडला, म्हणून एलीमलेख नावाचा मनुष्य बायको व दोन मुलगे बरोबर घेऊन मवाब देशी पोट भरावयास गेला. बायबलातील रूथचे चिमुकले पुस्तक येथूनच सुरू होते. कड्याच्या विद्यार्थ्यांस हा आरंभ समजावून सांगण्याची गरज पडत नाही. आमच्या आष्टी तालुक्यात पाऊस रुसला की काय होते, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. दिवाळीच्या सुमारास कित्येक घरांस कुलूप लागते, म्हाताऱ्या आजीपाशी धाकटी मुले राहतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडाकडे जातात. उचल फिटल्यावाचून सुटका नाही, हा तेथील नियम लहान पोरासही पाठ असतो.

रूथच्या कथेत पुढे बवाज भेटतो. त्याच्यासाठी मूळ इब्री भाषेत जो शब्द योजिला आहे तो गोएल. गोएल म्हणजे असा जवळचा आप्त, की जो आपल्या पदरचे द्रव्य भरून गहाण पडलेले शेत किंवा दारिद्र्यामुळे विकला गेलेला भाऊ सोडवून आणतो. प्रभू येशूला आपण मुक्तिदाता म्हणतो त्याच्या मुळाशी हाच व्यवहार आहे. सोडवणूक फुकट होत नसते. ती कोणाच्या तरी पदरास झीज लावून होते. ह्या वर्षी मुलांसाठी कोणाचे चरित्र लिहावे, असा विचार करीत असता पंडिता रमाबाईंचेच नाव आमच्या मनात आले, कारण त्यांनी आपल्या आश्रमास मुक्ती हेच नाव दिले आणि त्या नावाचे मोल आयुष्यभर भरले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रीस संस्कृत शिकवू नये असा लोकमताचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यापायी धर्ममार्तंडांचा रोष पत्करला. रमाबाईंची गुरू ही आईच. पुढे सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडू लागले, आणि बाराव्या वर्षाच्या आतबाहेर ह्या मुलीस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. जवळचे सर्व संपले. भीक मागण्याची सवय नव्हती व मोलमजुरीचे शिक्षण नव्हते. तिरुपतीजवळच्या रानात ह्या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला व रानफळे ह्यांवर काढले. १८७४ च्या सुमारास थोड्याथोडक्या महिन्यांत प्रथम वडील, नंतर आई, मग थोरली बहीण अशी तिघे गेली. आईच्या तिरडीस खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा भाऊ श्रीनिवास, दोन परके ब्राह्मण व सोळा वर्षांची रमा अशा चौघांनी ती वाहिली. रमेची उंची कमी, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. ह्यानंतर ही दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणून त्यांत अंगे पुरून घेतली. पुढच्या गोष्टी वाचताना हा खड्डा व ती तिरडी मुलांनी विसरू नये अशी आमची विनंती आहे.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. येथेच त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकीत, ते पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत असे त्यांस वाटले! त्यांस एक संस्कृत बायबलही भेट मिळाले, परंतु त्याची भाषा ओळखीच्या संस्कृत ग्रंथांहून इतकी निराळी वाटली, की ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे मानून त्यांनी ते बाजूस ठेविले. पुढील सर्व चरित्र माहीत असणाऱ्यास ह्या प्रसंगाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

१८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचा पटकीने अंत झाला. पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांस बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले होते. तेवढीच एक ठिणगी. तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, सरकारच्या शिक्षण कमिशनापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ साली इंग्लंडास गेल्या.

तेथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालविलेला एक आश्रम त्यांस दाखविला. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांस तेथे प्रेमाने जवळ केले जाई. आपल्या देशात अशा स्त्रीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, मग हे लोक असे का करितात, हा प्रश्न रमाबाईंनी विचारिला, तेव्हा एका भगिनीने विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. थकलेला येशू विहिरीच्या काठी बसून, जिच्याशी कोणी बोलणार नाही तिच्याजवळ पाणी मागतो, ही गोष्ट रमाबाईंच्या काळजास जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मायलेकींचा बाप्तिस्मा करून घेतला. मात्र त्यांचा शाकाहार तेथेही सुटला नाही, आणि न पटलेले मत केवळ उपकारकर्त्यांचे आहे म्हणून त्यांनी कधी स्वीकारिले नाही.

अमेरिकेचा प्रवास, तेथे लिहिलेले इंग्रजी पुस्तक, बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षांपुरते दिलेले मदतीचे वचन, हे सर्व प्रसिद्धच आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. बालविधवांसाठी ते घर होते. पुढे महर्षी कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तेथीलच विद्यार्थिनी. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, व काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि कित्येक मुलींस पालकांनी काढून नेले. आम्ही ख्रिस्ती असलो तरी त्या पालकांस दोष देण्यास आमचे मन घेत नाही. आपल्या पोटच्या मुलीविषयीची धास्ती खोटी नसते. पण आपल्याच घरात आपले दार लावून प्रार्थना करावयास रमाबाई तयार नव्हत्या, आणि त्याची किंमत त्यांनी तक्रार न करिता मोजली.

ह्याच काळात, सुमारे १८९१ साली, त्यांच्या अंतःकरणात एक बदल घडला होता. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अद्याप मिळालाच नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानी आले. इतक्या विद्वान स्त्रीने हे कबूल करावे, ह्याचे आम्हांस त्यांच्या पदव्यांहून अधिक वाटते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने आईची तिरडी डोक्यावर वाहिली होती, तिला ती वार्ता वाचून घरी बसवेना. हाती पैसा बेताचा, सदनात आधीच मुली, तरी त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली व बाया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगाची साथ असल्याने त्यांस शहरात ठेविता येईना. तेव्हा केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन कामास आली. (नगरच्या वेशीपाशी जे केडगाव आपणांस ठाऊक आहे ते हे नव्हे; हे दौंडाच्या पुढे, पुण्याच्या वाटेवर लागते.) प्रथम छपरे उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या, मग पक्क्या इमारती झाल्या आणि १८९८ साली मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या व आश्रमातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. त्यांस शेती, विणकाम, शिवण, दळणकांडण व छापखाना ही कामे शिकविली जात. आंधळ्यांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली; फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निराळे होते. ह्या सर्वांची उचल रमाबाईंनी स्वतःच्या अंगावर घेतली होती, असे आम्ही आमच्या मुलांस सांगत असतो.

आता बायबलाविषयी. मराठी बायबल विल्यम केरी ह्यांच्या काळापासून होतेच. परंतु त्यातील भाषा आपल्या आश्रमातील खेडवळ बायांच्या कानावरून जाते असे रमाबाईंस दिसले. म्हणून ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे नवे भाषांतर हाती घेतले. येथे खरा त्याग आम्हांस दिसतो. ज्या संस्कृताने त्यांस सरस्वती ही पदवी दिली, त्याच संस्कृताचे जड शब्द त्या एकेक करून खोडीत होत्या, व दुष्काळातून आलेल्या मुलीस कळेल असा साधा शब्द शोधीत होत्या. पोथीचा अर्थ बाईस नाकारणाऱ्या लोकांशी भांडून ज्यांनी त्यांस शिकविले, त्या अनंतशास्त्र्यांचीच ही मुलगी! सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, छापणे, पाने दुमडणे, शिवणे, सर्व मुक्तीतील बायांच्याच हातचे.

त्यांच्या मागे संस्था चालविण्यास मनोरमाबाई सिद्ध होत्या. बीड जिल्हा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी मुलींची शाळा चालविली होती. परंतु १९२१ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. रमाबाईंस ऐकू फारसे येत नसे, प्रकृती खालावली होती, आणि ज्या लेकीवर सर्व भार सोपवावयाचा ती पुढे निघून गेली. ह्या घावानंतरही त्यांनी भाषांतराचे कागद खाली ठेविले नाहीत. शेवटचे काम उरकीत असता ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे केडगावीच देहावसान झाले. छापखान्यातील बायांनी उरलेली पाने जुळविली, आणि संपूर्ण बायबल रमाबाईंच्या पश्चात त्यांच्याच आश्रमातून बाहेर पडले.