रेव्हरंड नारायण वामन टिळक : हळव्या मनाची साधना

ज्युबिलीचे वर्ष म्हणजे मागे वळून पाहण्याचे वर्ष. ज्यांनी आपल्या आधी या भूमीत श्रद्धेची पेरणी केली त्यांचे कृतज्ञ स्मरण करावे आणि त्यांच्या चरित्रांतून आपल्या रोजच्या संसारास उपयोगी पडेल असे काही वेचून घ्यावे, हाच अशा स्मरणिकेचा हेतू असतो. म्हणून या पृष्ठांवर आम्ही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या एका थोर ख्रिस्ती कवीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. ते प्रॉटेस्टंट मंडळीचे धर्मोपदेशक होते. तथापि प्रभू येशूचे नाव मराठी मनाला रुचेल अशा मराठी वाणीने गाण्यास ज्यांनी महाराष्ट्रास शिकविले, त्यांत त्यांचे स्थान अगदी अग्रभागी आहे, आणि या ऋणास पंथाची मर्यादा नाही.

परंतु आज आम्हांस त्यांच्या काव्यापेक्षा त्यांच्या स्वभावाविषयी अधिक लिहावयाचे आहे. टिळक अत्यंत हळव्या मनाचे होते. असे एखादे माणूस बहुतेक प्रत्येक घरात असते. कोणी मोठ्याने बोलले की त्या मुलाचे डोळे भरून येतात. एखादा टाकून बोललेला शब्द त्या सुनेच्या मनात महिनोन् महिने सलत राहतो. शेजारी कोणाचे दुःख ऐकले की त्या गृहस्थास जेवण जात नाही. घरची मंडळी अशांना रडके म्हणतात, मनाला लावून घेणारे म्हणतात, आणि कठोर होण्याचा उपदेश करतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांनी १९९६ साली या स्वभावावर एक ग्रंथ लिहिला. हा रोग नव्हे, ही जन्मजात ठेवण होय, आणि शंभरांत पंधरा ते वीस माणसे अशी असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मग अशा माणसाने जगावे कसे? टिळकांचे चरित्र या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर आहे. ते प्रामाणिक अशासाठी म्हणावयाचे की त्यात यश आहे तसे अपयशही आहे, आणि त्या अपयशाची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे.

संगमेश्वराच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास हळवे भात आणि गरवे भात यांतील भेद सांगावयास नको. हळवे लौकर निसवते, लौकर पिकते. म्हणून त्याची कापणीही वेळेवर व्हावी लागते, नाही तर हाती आलेले पीक पावसात सापडते. हळवे भात म्हणजे वाईट भात असे कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. त्याची निगा वेगळी, एवढेच तो जाणतो. माणसांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण पुष्कळदा विसरतो.

नारायणाचा जन्म १८६१ साली डिसेंबर महिन्यात, दापोली तालुक्यातील करजगाव या खेड्यात, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव तापट व करड्या शिस्तीचे. आई जानकीबाई सौम्य, भाविक आणि काव्याची आवड असलेली. मुलाने आईचे मन घेतले आणि वडिलांचा धाक सोसला. प्राथमिक शिक्षण कल्याणास झाले. आई तो लहान असतानाच निवर्तली, आणि ज्या घरात त्याच्या मनाला ओलावा होता त्या घराचा ओलावाच आटला. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले; थोडे इंग्रजी शिक्षणही घेतले, परंतु मॅट्रिकपर्यंत मजल गेली नाही. तेथून जी भटकंती सुरू झाली ती पुष्कळ वर्षे थांबली नाही. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे छापखान्यात खिळे जुळविणारा, असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. १८९१ मध्ये ते नागपुरास गेले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिक काही काळ चालविले.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. त्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची होती. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून अमर झालेली लक्ष्मीबाई. टिळकांच्या हळवेपणाची पहिली पारख त्यांनाच करावी लागली, आणि ती सुखाची नव्हती. मन दुखावले की टिळक घर सोडून निघून जात. कोठे जातो, केव्हा येतो, हे सांगण्याचे त्यांना भान नसे. मागे राहिलेल्या तरुण पत्नीने सासरच्या व माहेरच्या माणसांत दिवस कसे काढावे, याचा विचार त्या क्षणी त्यांच्या मनात येत नसे. हातात आलेला पैसा टिकत नसे. याचकाचा चेहरा पाहिला की घरात उद्या काय शिजणार हे ते विसरून जात. क्रोध चटकन येई आणि तितक्याच चटकन पश्चात्तापही होई. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे हसतहसत लिहिले आहे. परंतु त्या हास्याखाली किती अश्रू जिरले असतील, हे सहृदय वाचकास कळल्यावाचून राहत नाही.

येथे आम्हांस थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. हळव्या माणसाला आपली जखम फार मोठी दिसते, आणि आपल्यामुळे दुसऱ्यास झालेली जखम पुष्कळदा दिसतच नाही. भावना तीव्र असणे म्हणजे प्रेमळ असणे, असे आपण समजतो. परंतु ती तीव्रता स्वतःभोवतीच फिरत राहिली तर तिचा निकटच्या माणसांस जाच होतो. तरुण टिळकांच्या ठायी करुणा होती, पण त्या करुणेला धनी नव्हता आणि दिशा नव्हती.

तो धनी त्यांना भेटावयाचा होता. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावाकडे आगगाडीने जात असता अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका मिशनऱ्याशी त्यांचा परिचय झाला. दोघांत काव्याविषयी व धर्माविषयी संभाषण झाले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती बायबल दिले. टिळक ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. दीनांना, शोक करणाऱ्यांना, सौम्य जनांना धन्य म्हणणारा गुरू त्यांनी तेथे पाहिला. ज्या हळवेपणाबद्दल जगाने त्यांना हिणवले होते, त्याच्याकडे प्रभू आदराने पाहत होता. लाजरसाच्या थडग्यापाशी ज्याने अश्रू ढाळले आणि तरीही यरुशलेमेच्या वाटेवरून जो मागे फिरला नाही, अशा प्रभूच्या ठायी कोमलता आणि दृढता एकत्र नांदताना त्यांस दिसली. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याही प्रसंगी जुना स्वभाव सुटला नव्हता. पत्नीस व आप्तांस न कळविता त्यांनी हे पाऊल टाकले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या माहेरच्या आश्रयाने राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. परंतु या काळात एक नवी गोष्ट घडली, आणि तीच आमच्या मते या चरित्राची कळ होय. पूर्वी दुखावले की पळून जाणारे टिळक आता वाट पाहावयास शिकले. त्यांनी आपल्या श्रद्धेचा त्याग केला नाही आणि पत्नीवर जुलूमही केला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या तेव्हाही त्यांच्या आचारविचारांस त्यांनी मोकळीक दिली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुखावलेल्या मनाने धीर धरणे हे हळव्या माणसाचे सर्वांत कठीण तप आहे.

नगरच्या वास्तव्यात टिळकांच्या भावनेला वाटा फुटल्या. पहिली वाट काव्याची. माणसाच्या हातून घायाळ झालेली एक पक्षीण पडत उठत आपल्या पिलांपाशी येते, हे दृश्य त्यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत असे रंगविले की महाराष्ट्रातील पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनी ते वाचून डोळे पुसले. मुलांवर आणि फुलांवर त्यांनी इतके लिहिले की त्यांस फुलामुलांचे कवी म्हणतात. जी वेदना पूर्वी घरात त्रागा होऊन फुटे, ती आता शब्दांत उतरू लागली आणि दुसऱ्यांच्या मनास मऊ करू लागली.

दुसरी वाट सेवेची. टिळकांच्या घरात स्वतःच्या लेकरांबरोबर परक्यांचीही लेकरे वाढली. ताराबाईस तर त्यांनी कन्या म्हणूनच स्वीकारले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस महाराष्ट्र बालकवी म्हणून ओळखतो, ते १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या सहवासात आले व काही काळ नगरास त्यांच्या घरी राहिले. बालकवींचे मनही असेच नाजूक. रुसावे, खिन्न व्हावे, एकटे भटकावे. टिळकांनी त्यांस धर्म विचारला नाही. स्वतः जे भोगले ते ओळखून त्या मुलास छाया दिली, आणि लक्ष्मीबाईंनी मातेची माया दिली. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी आगगाडीच्या अपघातात अकाली गेले. त्यानंतर एका वर्षाने टिळकांनीही देह ठेवला.

तिसरी वाट नित्य नेमाच्या कामाची. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ज्याला एका गावी टिकणे कठीण जाई, त्याने नेमाने पत्र चालवावे, हा नेमलेल्या कामाचा प्रभाव होय. भजने रचावी, कीर्तने करावी, लेख लिहावे, असा क्रम चालू राहिला. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यांची आकांक्षा होती. ती पूर्ण होण्यास आयुष्य पुरले नाही. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईत त्यांचे देहावसान झाले. प्रभूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लिहिले कोणी? ज्यांस त्यांनी एके काळी न सांगता सोडले होते, आणि ज्यांस अक्षरओळखीपासून त्यांनीच शिकविले होते, त्या लक्ष्मीबाईंनी. पुत्र देवदत्त यांनी तो ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. क्षमेचे याहून मोठे स्मारक आम्हांस ठाऊक नाही.

याच काळात, सातासमुद्रांपलीकडे फ्रान्स देशात, आपल्या ख्रिस्तसभेतील एक कोवळे मन हाच मार्ग चालत होते. संत तेरेजा हिचा जन्म १८७३ चा. तिची आई ती चार वर्षांची असताना वारली, आणि तेव्हापासून ती इतकी हळवी झाली की क्षुल्लक कारणाने रडू लागे, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडे. १८८६ च्या नाताळच्या रात्री, मिस्साहून परतल्यावर, थकलेल्या वडिलांचा एक त्रासिक शब्द तिच्या कानी पडला. नेहमीप्रमाणे डोळे भरून आले. परंतु तिने ते आवरले, आणि हसतमुखाने वडिलांपुढे जाऊन त्यांचा आनंद परत आणला. त्या रात्री प्रभूने आपणास बळ दिले, असे ती मानी. तिचे मन दगडाचे झाले नाही. आपल्या दुःखापूर्वी वडिलांचा शीण तिला दिसला, एवढाच तो पालट होता. पुढे कार्मेल मठात, खटकणाऱ्या आवाजांत व न रुचणाऱ्या सहवासात, तिने याच रीतीने लहान लहान प्रेमकृत्ये केली. १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी ती निजधामास गेली. १९२५ मध्ये पोप पायस अकरावे यांनी तिला संतपद दिले.

करजगावचा कवी आणि फ्रान्समधील संन्यासिनी यांची कधी भेट झाली नाही. तरी दोघांची शिकवण एकच आहे. हळवेपण काढून टाकावयाचे नसते. ते अर्पण करावयाचे असते. स्वतःकडे वळलेली भावना जखम चिघळवीत बसते. तीच दुसऱ्याकडे वळली की सेवा होते. त्यास नेमलेले काम हवे, एकांतातील प्रार्थना हवी, आणि खरे बोलणारे एक स्थिर माणूस सोबतीस हवे. आणि आपण कोणास दुखावले असेल तर प्रथम तिकडे पाहण्याची सवय हवी.

आईबापांस व वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच की घरातील हळव्या लेकरास हिणवू नका. धाकाने ते कठोर होत नाही; ते घरापासून दूर मात्र जाते. त्यास जवळ घ्या, गाणे, चित्र, झाडे, गुरेवासरे यांपैकी ज्यात त्याचे मन रमेल ते काम द्या, आणि दुसऱ्याचे दुःख हलके करण्याचे लहानसे कर्तव्यही द्या. ज्यांस स्वतःसच असे मन लाभले आहे त्यांनी लाजू नये. रागाच्या भरात घराबाहेर पडण्यापूर्वी एक वेळ प्रभूच्या चरणी बसावे. मन निवले की मग बोलावे.

दयाळू प्रभू आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कोमल अंतःकरणास आपल्या पवित्र हृदयाशी धरो, आणि त्याच्या वेदनेतून पुष्कळांस पुरेल एवढे प्रेम उत्पन्न करो, हीच या शुभ प्रसंगी आमची प्रार्थना.