वाळवंटातला टपालवाला

सुएझ कालवा तांबड्या समुद्राला मिळतो त्या टोकाला फ्रेंच कालवा कंपनीने एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याचा अर्धपुतळा उभारला. पुढाकार कालव्याचा कर्ता फर्दिनां द लेसेप्स याचा. इंग्रज सरकारने या कालव्याला वर्षानुवर्षे आडकाठी केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मानाचे नवल वाटते. पुतळा होता लेफ्टनंट थॉमस फ्लेचर वॅगहॉर्न याचा. विलायतेची डाक मुंबईला लवकर यावी म्हणून या माणसाने आयुष्य खर्ची घातले.

चॅटहॅमच्या एका खाटकाचा हा मुलगा. जन्म १८०० चा. बाराव्या वर्षी नौदलात शिरला, सतरावे पुरे होण्याआधी लेफ्टनंटपदाला लागणारी नौकानयनाची परीक्षा उत्तीर्ण झाला. पण नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते आणि जागा नव्हत्या. मग तो कलकत्त्याला आला, हुगळी नदीतून जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटांत दाखल झाला. पहिल्या ब्रह्मी युद्धात आराकानच्या किनाऱ्यावर लढताना मांडीला जखमही झाली. तिथून परतला तो डोक्यात आगबोटीचे वेड घेऊनच.

त्या काळी विलायतेचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी पोचे. उत्तर यायला तेवढेच. हुंड्या आणि ड्राफ्ट यांत नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या विलंबाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही: पत्र वाटेत असते आणि व्याज चालू असते. आमच्या टेंभुर्णीपासून समुद्र शेकडो मैल दूर. पण शेजारच्या वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईच्या वाटेला लागे, तेव्हा लिव्हरपूलचा भाव कळवणारा कागद अजून केपच्या समुद्रात डोलत असे.

१८२९ च्या ऑक्टोबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यासाठी सरकारी लखोटे देऊन वॅगहॉर्नला मिसरच्या वाटेने धाडण्यात आले. २८ ऑक्टोबरला त्याने लंडन सोडले, युरोप ओलांडून ट्रिएस्ट गाठले, अलेक्झांड्रिया आणि कैरो मागे टाकून ८ डिसेंबरला सुएझला पोचला. तिथे ‘एंटरप्राइझ’ आगबोट त्याला घेणार होती. ती आलीच नाही. पट्ठ्याने वाट पाहिली नाही. एक उघडी होडी भाड्याने घेतली आणि होकायंत्राविना, दिवसा सूर्य आणि रात्री ध्रुवतारा पाहत, कुरकुरणाऱ्या खलाशांना दटावत, सहाशे मैलांवरचे जेद्दा गाठले. तिथे तापाने आडवा झाला. अखेर कंपनीच्या ‘थेटिस’ जहाजाने २१ मार्च १८३० ला तो मुंबईच्या बंदरात उतरला.

आदल्याच दिवशी, २० मार्चला, ‘ह्यू लिंडसे’ मुंबईहून सुएझकडे निघून गेली होती! ४११ टनांची ही आगबोट मुंबईच्याच गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली. कप्तान होता बॉम्बे मरीनचा जॉन विल्सन. कोळसा इतका भरलेला, की उतारूंना जागा उरली नाही म्हणतात. एडन, जेद्दा करीत ती २२ एप्रिलला सुएझला पोचली. म्हणजे तांबड्या समुद्रातून वाफेवर डाक नेता येते हे मुंबईच्या बोटीने सिद्ध केले, वॅगहॉर्नने नव्हे. इंग्रज चरित्रकार त्याला या मार्गाचा शोधक म्हणतात, ते मला पटत नाही. मिसरची वाट पुराणकाळापासून वाहती होती. विल्सनचे, वाडियांचे नाव घ्यायला हवे तिथे फक्त वॅगहॉर्नचे घेतले जाते.

मग त्याचे श्रेय कशात? माझ्या मते बंदोबस्तात. मिसरमध्ये राहून त्याने अरबांशी सलोखा जोडला, टपालाची एजन्सी काढली, कैरो ते सुएझ या सुमारे ऐंशी मैलांच्या वाळवंटात विसाव्याची आठ ठाणी बांधली, घोडे व गाड्या ठेवल्या. एकदा धाडस करणारे पुष्कळ असतात. दर महिन्याला तेच काम बिनबोभाट पार पाडणारा विरळा. पण धंदा चालू लागला तशी पी. अँड ओ. ही बडी कंपनी आली, मिसरच्या सरकारनेही हात घातला, आणि वॅगहॉर्न बाजूला पडला. लेफ्टनंटपद मिळाले तेही १८४२ मध्ये, परीक्षेनंतर पंचवीस वर्षांनी.

तरी तो थांबला नाही. फ्रान्सच्या वाटेपेक्षा ट्रिएस्टची वाट जवळची, हे त्याला दाखवायचे होते. १९ ऑक्टोबर १८४५ ला सुएझला आलेली मुंबईची डाक त्याने ३१ तारखेच्या पहाटे लंडनला पोचवली. बारा दिवस! पुढच्या वर्षी आणखी फेऱ्या केल्या आणि त्यांत सुमारे पाच हजार पौंडांचे कर्ज अंगावर आले. ते फेडता फेडता नाकी नऊ आले. १८४९ मध्ये सरकारने वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, पण त्यावर हक्क सावकारांचा. ७ जानेवारी १८५० ला तो गेला.

१८५८ मध्ये कैरो-सुएझ रेल्वे झाली आणि त्याची ठाणी ओस पडली. १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यावर जहाजातून उतरण्याचीच गरज उरली नाही. त्या कालव्याच्या कर्त्याने मात्र, ही वाट मला याने दाखवली, असे मोकळेपणाने मान्य केले आणि पुतळा बसवला. वॅगहॉर्नच्या जन्मगावाला, चॅटहॅमला, त्याचा पूर्णाकृती पुतळा उभारायला १८८८ साल उजाडले. मुंबईच्या गोदीतली ती ‘ह्यू लिंडसे’ तेव्हा पुष्कळांच्या विस्मरणात गेली होती.